सायकल स्टँडला कुलूप कुणाचं?

बी-२०४: नमस्कार. सायकल स्टँडच्या अर्ध्या भागाला जाळी मारून कुलूप ठोकलंय, वर समाजसेवी क्लबचा बोर्ड. हे कधी झालं आणि कुणाला विचारून झालं? मुलाची सायकल जिन्याखाली पडून आहे. काल तिच्या सीटवर कुणीतरी ओलं फडकं वाळत घातलं होतं.

सेक्रेटरी: सर, कमिटी मीटिंगमध्ये विषय झाला होता. इतिवृत्त ग्रुपवर टाकलंय. कृपया वर जाऊन बघावे 🙏

बी-२०४: वर जाऊन आलो. गुड मॉर्निंगची फुलं आहेत आणि डी विंगच्या लिफ्टचा फोटो आहे. इतिवृत्त नाही.

डी-४०४: फोटो चालू आहे, लिफ्ट बंद आहे.

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला फोन झालाय. सोमवारी येतो म्हणाला.

डी-४०४: महिना कुठला ते विचारलंत का?

ए-१०४: जाळीच्या आत ट्यूब लावली आहे. तिचं लाइटबिल कोण भरतं?

अप्पा ए-५०१: बी-२०४, तुमचा राग समजू शकतो. पण आत काय आहे ते एकदा बघून जा. दोन व्हीलचेअर, चार वॉकर, कमोडच्या खुर्च्या, एक फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारा पलंग), दोन एअरबेड. रुग्णोपयोगी साहित्य. पूर्वी हे सगळं माझ्या गॅलरीत होतं. हिच्या तुळशीला जागा उरली नाही तेव्हा कमिटीला अर्ज केला.

बी-२०४: अप्पा, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण कॉमन जागा क्लबला द्यायची तर सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. कमिटीत चार जणांनी चहा पिता पिता होत नाही ते.

सेक्रेटरी: चहा आम्ही स्वतःच्या पैशाने पितो.

ए-१०४: लाइटबिल कोण भरतं?

काकू डी-१०१: अहो एका ट्यूबचं कितीसं बिल येतंय.

ए-१०४: प्रश्न किती येतंय हा नाही. कोण भरतं हा आहे.

डी-७०२: नमस्कार, विषय सोडून लिहिते. सासूबाईंचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, उद्या डिस्चार्ज. कमोडची खुर्ची लागेल असं डॉक्टर म्हणाले. भाड्याने कुठे मिळते कुणाला माहीत आहे का?

बी-२०४: मुद्दा फक्त या जाळीचा नाही. दोन वर्षांमागे याच क्लबचं वृक्षारोपण झालं. गेटबाहेर पिवळे ट्री गार्ड उभे आहेत, प्रत्येकावर अध्यक्षांचं नाव, साल, प्रायोजक सराफ. आत झाड नाही. एकात वडापाववाला कचऱ्याची पिशवी अडकवतो. त्याआधी शाळेत हात धुवायचं बेसिन बसवलं, फोटो पेपरात आला. त्याला नळाचं कनेक्शन आलंय का ते कुणी जाऊन बघितलंय?

डी-४०४: आणि शिलाई मशीन वाटप. एका मशीनला अकरा जण हात लावून उभे. जिला द्यायचं ती बाई कोपऱ्यात, अर्धी कापलेली.

काकू डी-१०१: 😂😂 फोटोत कापलेली म्हणा, कुणी भलतंच समजेल.

बी-६०२: सरसकट असं बोलणं बरोबर नाही सर. लहानपणी रविवारी बूथवर जाऊन डोस घेतलाय ना आपण सगळ्यांनी, डाव्या करंगळीला शाई लावून? रोटरीने १९८५ पासून पोलिओ हाच जागतिक कार्यक्रम धरलाय. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लायन्सचं अंधत्वावरचं काम १९२५ पासूनचं आहे, हेलन केलरने त्यांच्या अधिवेशनात जाऊन आवाहन केलं तेव्हापासून. फोटो काढतात म्हणून काम खोटं ठरत नाही.

बी-२०४: तुम्ही भाडेकरू ना? सायकल स्टँडचा विषय ओनर लोकांचा आहे.

बी-६०२: हो, भाडेकरू. सायकलही आहे माझी. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून मेंटेनन्सवर लागणारे दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस माझ्याच भाड्यातून वसूल होतात.

बी-२०४: ते सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के असतात, मेंटेनन्सच्या नाही. बोलायचं तर नीट माहिती घेऊन बोला.

डी-४०४: चला, जीएसटीपर्यंत जाऊया आता.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी. सर्व सदस्य सन्माननीय आहेत.

अप्पा ए-५०१: पोलिओचं एवढंच सांगतो, की घरोघर हिंडल्या त्या अंगणवाडी सेविका आणि आरोग्य खात्याच्या मुली. पुन्हा पुन्हा त्याच दारात, कुणी शिव्या दिल्या तरी. क्लबांनी पैसा उभा केला, प्रचार केला, बूथ लावले. ते मोठंच काम आहे. पण सगळं श्रेय एकट्यालाच देऊ नका, आम्हालासुद्धा.

बी-६०२: मान्य अप्पा 🙏

ए-१०४: कुणीच उत्तर देत नाही म्हणून पुन्हा विचारतो. लाइटबिल कोण भरतं?

ए-३०२ वहिनी: आता मीच बोलते. सात वर्षं या क्लबात होते, नंतर सोडला. रोग एकच आहे. रोटरी असो, लायन्स असो, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष एक वर्षाचा. त्याला स्वतःच्या नावावर काहीतरी नवं हवं असतं. आदल्या अध्यक्षाची झाडं याने का पाणी घालून जगवायची? फलकावर नाव तर त्याचं आहे. त्यात जुलै म्हणजे पाऊस, वृक्षारोपणाला मुहूर्त आयताच. रोप लावायला पन्नास जण येतात. मार्चमध्ये टँकरला पैसे द्या म्हटलं की कोषाध्यक्ष म्हणतो बजेटमध्ये हेडच नाही.

डी-४०४: वहिनी फॉर्मात.

ए-३०२ वहिनी: फॉर्म नाही, अनुभव. बॅनरवर माझं नाव चुकीचं छापून आलं म्हणून सोडला असं काही जण सांगत फिरतात, तसं नाहीये ते.

काकू डी-१०१: पण वहिनी, तुमच्या पदग्रहणाला जेवण फार छान होतं हो. सुरळीच्या वड्या अजून आठवतात.

ए-३०२ वहिनी: तिथेच सगळा पैसा गेला काकू. त्याला फेलोशिप म्हणायचं, जेवण नाही म्हणायचं.

बी-२०४: पदग्रहण आपल्याच टेरेसवर झालं होतं. कराओके साडेअकरापर्यंत. मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा. एक गृहस्थ एकच गाणं तीनदा गायले, तिन्ही वेळा त्याच ठिकाणी बेसूर.

डी-४०४: सातत्य म्हणतात त्याला.

सी-३०१: ते मीच होतो. पुढच्या वेळी खाली बसून ऐकण्यापेक्षा वर या, माइक देतो.

डी-७०२: कुणी सांगेल का प्लीज, कमोडची खुर्ची? औषधाच्या दुकानात विकत घ्या म्हणतायत, पण दीड-दोन महिन्यांसाठी विकत घेऊन नंतर ठेवायची कुठे.

बी-६०२: ताई, अहो तीच तर आहे जाळीच्या आत! अप्पा, बघा ना.

अप्पा ए-५०१: डी-७०२, सूनबाई, माफ करा, या गर्दीत तुमचा पहिला मेसेज दिसलाच नाही. आहे, खुर्ची आहे. सासूबाईंचं वजन साधारण किती? एक खुर्ची जरा रुंद आहे, एक साधी. खुब्याचं ऑपरेशन म्हणजे बैठक उंच हवी, खाली बसताना पाय जास्त दुमडायचा नाही. जिच्या पायांची उंची कमीजास्त करता येते ती खुर्ची बाजूला काढून ठेवतो. वॉकर पण लागेल. चाकाचा घेऊ नका, सुरुवातीला साधाच.

डी-७०२: खूप आभार अप्पा. वजन असेल सत्तरच्या आसपास. डिपॉझिट किती? फॉर्म वगैरे?

अप्पा ए-५०१: खुर्चीचे हजार, वॉकरचे पाचशे, वस्तू परत केली की परत. फॉर्म नाही, वही आहे. नाव, फ्लॅट, फोन, तारीख. दोन गोष्टी पाळा. खुर्चीखालचं भांडं झाकणासकट परत आलं पाहिजे, झाकणं फार हरवतात. आणि वॉकरच्या पायांचे रबरी बूट आठवड्याला बघा. झिजून आतलं ॲल्युमिनियम बाहेर आलं की फरशीवर सटकन सरकतो. एका घरी बूट झिजलेलाच वॉकर वापरत राहिले, घसरून हात मोडला.

बी-२०४: हे साहित्य फक्त सोसायटीतल्यांना देता की बाहेरही?

अप्पा ए-५०१: बाहेरही. वस्तीतले लोक जास्त येतात. डिपॉझिट नसेल तर आधारची झेरॉक्स ठेवायची असा क्लबचा नियम आहे. मी तीही मागत नाही, क्लबात त्यावरून बोलणी खातो.

ए-३०२ वहिनी: खरं सांगायचं तर क्लबाचा एवढा एकच प्रकल्प वर्षानुवर्षं चाललाय, आणि तो चाललाय कारण अप्पांनी वही कुठल्याच अध्यक्षाच्या हातात दिली नाही. दोघांनी मागितली होती. एकाला ‘भव्य लोकार्पण’ करायचं होतं. व्हीलचेअरला फीत बांधून.

अप्पा ए-५०१: जाऊ द्या वहिनी.

ए-३०२ वहिनी: का जाऊ द्या? एअरबेड पंक्चर होऊन येतो तेव्हा बादलीत बुडवून बुडबुडे बघत कोण बसतं? कोषाध्यक्ष?

डी-४०४: बोर्डवर मात्र विद्यमान अध्यक्षांचा हसरा फोटो आहे. अप्पा कुठेच नाहीत.

अप्पा ए-५०१: माझा फोटो नकोच. काही वस्तू ज्या दिवसात परत येतात ना, लोकांना आपल्याकडे बघायचं नसतं. तेरावं झालं की खुर्ची जाळीबाहेर ठेवून निघून जातात. डिपॉझिट न्या म्हणून फोन केला तरी येत नाहीत. त्या पैशातून बूट आणि झाकणं येतात.

काकू डी-१०१: 🙏🙏

ए-१०४: भावना समजतात. लाइटबिलाचा प्रश्न राहिलाच.

सेक्रेटरी: ट्यूब कॉमन मीटरवर आहे. म्हणजे सोसायटी भरते. झालं समाधान?

ए-१०४: नाही. हेच तर मी म्हणत होतो. क्लबाने भरावं.

अप्पा ए-५०१: भरू. मीटर वेगळा नको, महिन्याचे ठरवून सांगा.

बी-२०४: अप्पा, तुमचं काम चांगलं आहे हे मी मान्य करतो. पण ठराव नसताना दिलेली जागा ही ठराव नसताना दिलेलीच. उद्या दुसरा कुणी येऊन योगवर्ग सुरू करेल, तिसरा रोपवाटिका. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा आहे, विषयपत्रिकेत घ्या. मी स्वतः अनुमोदन देईन. पण अटी लिहून हव्यात. बोर्ड लहान करा, अध्यक्षांचा फोटो काढा, आणि माझ्या मुलाच्या सायकलला जागा.

डी-४०४: फोटो काढा म्हणजे नवा काढू नका, आहे तो उतरवा. नाहीतर उद्या फोटोग्राफर येईल.

सेक्रेटरी: नोंद घेतली. विषय क्र. ७.

बी-६०२: एअरबेड भिंतीला हुकवर टांगले तर दोन सायकलींची जागा सहज निघेल. माझ्याकडे ड्रिल आहे. भाडेकरूचं चालत असेल तर.

बी-२०४: रविवारी सकाळी दहानंतर करा. आधी आवाज नको.

डी-७०२: आणखी एक विचारते, रागावू नका. डी विंगची लिफ्ट बंद आहे. सासूबाईंना उद्या सातव्या मजल्यावर न्यायचं कसं?

काकू डी-१०१: अगं बाई.

डी-४०४: आता आला खरा प्रश्न.

सेक्रेटरी: लिफ्टवाल्याला परत फोन लावतो.

डी-४०४: सोमवारी येतो म्हणेल.

बी-६०२: व्हीलचेअरने जिना चढवता येईल का अप्पा?

अप्पा ए-५०१: व्हीलचेअर जिन्यावर धोक्याची, चाकं घसरतात. हात असलेली भक्कम लाकडी खुर्ची घ्या, पट्ट्याने बांधा, तोंड जिन्याच्या उताराकडे, पाठ थोडी मागे कलती. दोघे मागून वरच्या पायरीवर, दोघे पुढचे पाय धरून. ऑपरेशनचा पाय सरळ, त्याखाली उशी, आणि तो लटकू नये म्हणून एकजण शेजारी. दर मजल्यावर थांबायचं. आधी डॉक्टरांना फोन करून असं चालेल का विचारून घ्या, नाही म्हणाले तर ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे स्ट्रेचर आणि माणसं मागा.

बी-२०४: आमच्या डायनिंगच्या खुर्च्यांना हात आहेत. सागवानी आहेत. किती वाजता येणार ताई?

डी-७०२: अकरा म्हणालेत, म्हणजे दुपारचे दोन धरा.

बी-६०२: मी आहे.

सी-३०१: मी पण. गाणार नाही.

डी-४०४: मीही. गाणार नाही ही अट लेखी घ्या.

ए-१०४: माझी पाठ दुखते, पण खाली थांबून खुर्चीचं बघतो.

बी-२०४: खुर्चीचं काय बघणार?

ए-१०४: कुणाची आहे त्याची नोंद.

सेक्रेटरी: लिफ्टवाला म्हणतोय पार्ट मुंबईहून यायचाय. बाकी चर्चा एजीएममध्ये. रात्रीचे साडेअकरा झालेत, सकाळपर्यंत फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतील असं करतोय. डी-७०२, तुम्ही मला पर्सनलवर लिहा, उद्या मी पण येतो.