मदत हवी आहे: स्ट्रोबच्या (झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) उजेडात फिरणारी दोरी, मोटरचा वेग स्थिर कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

रशियन शिल्पकार नाउम गाबो यांनी १९१९-२० मध्ये मॉस्कोत एक शिल्प केलं होतं. एक उभी पोलादी सळई आणि खाली मोटर, बस्स. मोटर बंद असताना ती नुसती सळई. चालू केली की हवेत पारदर्शक, फुगीर आकार उभा राहतो. तो आकार तिथे नसतोच, आपली नजर तो घडवते. या कल्पनेने मला पुरतं झपाटलंय.

त्याच धर्तीवर मी ताणलेली पांढरी इलॅस्टिक दोरी १२ व्होल्टच्या डीसी मोटरने फिरवतेय. मोटर सेकंदाला ५० फेरे, एलईडी स्ट्रोब सेकंदाला ४९.५ वेळा. म्हणजे दोन सेकंदांत एक संथ फेरा दिसायला हवा. दिसतोही, आणि इतका सुंदर की हात लावावासा वाटतो! पण मोटर तापली की वेग घसरतो. एक टक्का घसरला तरी दोरीची लाट जागीच थांबते, आणखी घसरला की उलटी फिरते.

मोटरच्या दांड्यावर चुंबक लावून हॉल सेन्सरने (चुंबक जवळ आला की संकेत देणाऱ्या भागाने) स्ट्रोब पेटवला, तर दर फेऱ्याला थोडा वाढता विलंब आर्डुइनोत (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डात) कसा बसवायचा? दुसरं, दोरीचा आवाज स्पीकरवर हवाय, पण चौकटीला चिकटवलेला पिझो (कंपनं टिपणारा सेन्सर) मोटरचीच घरघर पकडतो. तो कुठे लावू? मोटरखाली रबर घातल्याने फरक पडेल का?

अपस्माराच्या रुग्णांना लखलखाटाचा त्रास होऊ शकतो, म्हणून दाराशी सूचना लावणारच आहे. प्रदर्शनात असं काम मांडलेल्यांनी आणखी काय काळजी घेतली, तेही सांगा.