गोव्यातल्या लहान कपडे उद्योगांना मदत नेमकी कशाला हवी?

डिचोलीची शिवणकर:
आम्ही हॉटेलांचे गणवेश शिवतो. हल्ली ऑर्डर देण्याआधीच विचारतात, कापड कशानं रंगवलंय, सांडपाणी कुठं जातं, प्रमाणपत्र आहे का. रंगाई-ब्लीचिंग प्रदूषणाच्या लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी गटात येते हे मान्य, पण आमच्याकडे फक्त कटिंग आणि शिलाई. तरी कागद आम्हीच आणायचे! सरकारनं औद्योगिक वसाहतीत सामाईक रंगाई आणि सांडपाणी प्रकल्प उभारून द्यावा.

सत्तरीकर:
ताई, माझा पूर्ण विरोध. तमिळनाडूत कपडे उद्योगाच्या तिरुपूरला सामाईक प्रकल्प होतेच. तरी नोय्यल नदी नासली आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं रंगाई युनिटं बंद करायला लावली. प्रकल्प अनुदानावर उभा राहतो, पण वीज आणि पाणी शुद्ध केल्यावर उरणारा क्षारांचा गाळ यांचा रोजचा खर्च कोण देणार? पणजी-फोंड्याला ओपाच्या जलप्रकल्पातून खांडेपार नदीचं पाणी येतं, तिथं ही जोखीम नकोच.

फोंड्याचा हिशेबनीस:
रंगाईबाबत सत्तरीकरांशी सहमत, पण म्हणून मदतच नको असं नाही. केंद्राच्या 'झेड' या लहान उद्योगांच्या दर्जा आणि पर्यावरण प्रमाणपत्राच्या योजनेत प्रमाणपत्राच्या फीवर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के सूट आहे. ती घ्याच. पण युरोपचा ग्राहक सेंद्रिय सुती कपड्याला 'गॉट्स' हे सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागतो, आणि त्यात जिनिंगपासून (कापसातून सरकी काढण्यापासून) शिलाईपर्यंतची प्रत्येक पायरी प्रमाणित लागते. बाजारातून सुटा तागा आणला की साखळी तिथंच तुटली, मग शिलाई कितीही चोख असो. तेव्हा चार-पाच युनिटांनी मिळून प्रमाणित गिरणीतून कापड उचलावं. एकट्याची गरज गिरणीच्या किमान ऑर्डरएवढी नसते.

सत्तरीकर:
मग एकत्र या की! त्याला सरकार कशाला?

डिचोलीची शिवणकर:
भांडवलासाठी, भाऊ. गिरणीला पैसे आगाऊ लागतात. आमचे पैसे कायद्यानं ४५ दिवसांत मिळायला हवेत, प्रत्यक्षात महिनोन्महिने अडकतात, आणि तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. कामाला येणाऱ्या बायकांचा पगार मात्र एक तारखेलाच द्यावा लागतो, आणि तो चुकवायची माझी तयारी नाही. हिशेबनीस म्हणतात ते पटलं, प्रकल्पाचा हट्ट सोडते. कापडखरेदीला कमी व्याजाचं कर्ज द्या.

सत्तरीकर:
कर्जाला हरकत नाही. अट एकच, ते फक्त प्रमाणित कापडाच्या बिलावर आणि थेट गिरणीच्या खात्यात जावं. आणि कातरणीच्या चिंध्यांचं काय? त्या उघड्यावर जाळणं आधी थांबवा, त्याला कर्ज लागत नाही.