मदत हवी आहे: मंडळाच्या मतदानात भाऊसाहेब बसतात का?

भावांनो, शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळात रविवारी आवडत्या क्रिकेटपटूसाठी चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. पोरं धोनी-कोहलीवर अडून बसलीत, काका मंडळी गावसकर सोडायला तयार नाहीत. मी आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव घातलं तर म्हणतात, "एकही कसोटी न खेळलेला माणूस कशाला?" अरे, 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443! ब्रॅडमनच्या तेव्हाच्या 452 धावांच्या विक्रमापासून नऊ धावा दूर, आणि समोरच्यांनी सामनाच सोडून दिला. (इथं माझं डोकं तापतं.)

आता सांगा, एकाला एकच मत ठेवू की पसंतीक्रमानं तीन नावं? एकच ठेवलं तर भाऊसाहेबांना माझ्या एकट्याचंच पडणार. कुणी असं मतदान घेतलंय का? शनिवारी यादी लावायची आहे.