'शाळा' आधी वाचायची की आधी बघायची?

मांडवीची_वाचक (धागा):
पंधरा दिवसांपूर्वी इथे बडोद्यात मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही कादंबरी पुन्हा आणली. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता माझी भाची नववीत आहे, म्हणजे कादंबरीतल्या मुकुंद जोशीच्याच इयत्तेत. हौसेने पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, तर म्हणाली, "मावशी, मला माहितीये ही स्टोरी. पिक्चर बघितलाय मी." आणि पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

२०१२ साली आलेला सुजय डहाके यांचा तो चित्रपट मलाही आवडतो. जोशीला आवडणारी शिरोडकर त्यात केतकी माटेगावकरने केलीय, ती गोड आहे. पण या वेळी वाचताना लक्षात आलं की कादंबरीत आपल्याला शिरोडकर दिसतच नाही. दिसतो तो तिच्याकडे बघणारा जोशी. तिच्या मनात काय आहे हे त्याला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही, आणि पुस्तकाचा सगळा जीव त्या न कळण्यात आहे. पडद्यावर एक मुलगी समोर उभी राहते, तिला डोळे असतात. ती एकदा वळून बघते आणि जोशीने पानोपानी जो प्रश्न जपलाय त्याचं उत्तर एका क्षणात मिळून जातं. यात दिग्दर्शकाची चूक नाही, कॅमेऱ्याचा स्वभावच तो. म्हणून माझं म्हणणं, निदान आपण बडोद्यातल्या मराठी घरांनी मुलांना आधी पुस्तक द्यावं, चित्रपट मागाहून. इथे शाळेत मराठी नाही, रस्त्यावर नाही. घरात जे वाचलं जाईल तेवढंच.

दांडियाबाजारकर:
ताई, पूर्ण असहमत. माझा मुलगा गुजराती माध्यमात शिकतो. शाळेत हिंदी आहे म्हणून देवनागरी वाचता येते, पण मराठी पान वाचताना दर ओळीला अडखळतो. त्याच्या हातात तीनशे पानं दिली असती तर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं असतं. चित्रपट बघितला आणि लगेच प्रश्न सुरू झाले. आणीबाणी म्हणजे काय? लोकांना तुरुंगात का टाकत होते? जोशीचा नारूमामा मोठा असून मुलांशी असं कसं बोलतो? मग मी रात्री त्याला पुस्तक वाचून दाखवायला लागलो. जोशीचा मित्र सुऱ्या, त्याच्या तोंडचं 'इचिभना' आलं की तो गादीवर लोळून हसतो. चेहरा आधी मिळाला म्हणून शब्द नंतर मिळाले. तुम्ही म्हणता तसं केलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

वाघोडियारोड:
मी धागाकर्तीच्या बाजूने. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, बाकी सगळी गुजराती. गोवर्धनराम त्रिपाठींची 'सरस्वतीचंद्र' ही गुजराती कादंबरी चार भागांत आली, पहिला १८८७ मध्ये, चौथा १९०१ मध्ये. चौदा वर्षं एकेका भागाची वाट बघणारे ते वाचक, तुम्ही ज्याला आज फॅन म्हणता ते. नवरात्रात गप्पा चालल्या होत्या तेव्हा मी सहज विचारलं, चारही भाग कोणी वाचलेत? एकीनेही नाही. १९६८ च्या चित्रपटातली गाणी मात्र सगळ्यांना तोंडपाठ, नूतनने केलेली नायिका कुमुदही सगळ्यांना आठवते. चित्रपटाने पुस्तकाचं दार उघडतं असंच म्हणता ना दादा, इथे पन्नास-पंचावन्न वर्षं दार उघडं आहे, आत कोणी गेलेलं नाही.

दांडियाबाजारकर:
चार जाडजूड भाग आणि शंभरेक वर्षांपूर्वीची भाषा. चित्रपट नसता तर तुमच्या शेजारणींनी कुमुदचं नाव तरी ऐकलं असतं का?

वाघोडियारोड:
नाव ऐकलं असतं. गुजरातीच्या पाठ्यपुस्तकात असतं ते. मला नाव नको आहे, वाचन हवं आहे.

जुना_ग्रंथपाल:
मी आयुष्य पुस्तकांच्या कपाटांत काढलं, म्हणून थोडं लिहितो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं, हे आपल्याला अभिमानाने सांगायला आवडतं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या, हेही सांगतो. पण त्याच खात्याची एक शाखा गावात पडदा लावून चित्रं आणि सिनेमा दाखवायची, हे सांगायचं राहून जातं. ज्यांनी पेट्या पाठवल्या त्यांनीच पडदाही पाठवला. त्यांना यात भांडण दिसलं नव्हतं.

मांडवीची_वाचक:
काका, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण तो पडदा माहिती देणारा होता ना? शेती, आरोग्य, दूरदेश. कादंबरीची जागा घ्यायला तो गेला नव्हता. न वाचताच वाचल्यासारखं वाटणं, ही माझी भीती आहे. आणि ते माझ्या घरात घडलंय.

अलकापुरी_७:
मला दोन्ही बाजूंचं एक गृहीतक पटत नाही. तुम्ही सगळे चित्रपटाला पुस्तकाचं दार तरी म्हणता नाहीतर चोर तरी. 'सिंहासन' आठवा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या, जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. दोन पुस्तकांच्या वाचकांनी 'माझं पुस्तक जसंच्या तसं दाखवा' असा हट्ट धरला असता तर निळू फुल्यांचा तो पत्रकार दिगू आपल्याला मिळालाच नसता. मी तो चित्रपट पाच वेळा पाहिला, दोन्ही कादंबऱ्या वाचल्या, आणि मला ती तीन वेगळी कामं वाटतात. मुलांना हे वेगळेपण बघायला शिकवा, क्रम कुठलाही असो.

मांडवीची_वाचक:
तीन वेगळी कामं, मान्य. पण तुम्ही ती तिन्ही केलीत, मोठेपणी केलीत. चौदा वर्षांच्या मुलीने एकच केलं आणि थांबली. तिच्यासाठी वेगळेपण बघायला दुसरं काही उरलंच नाही.

काल एक करून पाहिलं. दांडियाबाजारकर, तुमचंच ऐकून. जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या त्या अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून गप्पा मारतात, तो भाग तिला मोठ्याने वाचून दाखवला. फोन हातात होता तिच्या, पण थोड्या वेळाने तो उलटा ठेवला. नंतर म्हणाली, "पिक्चरमध्ये हे एवढं नाहीये." मी विचारलं, आणखी वाचू का? तर "उद्या" म्हणाली.

माझं मत तरीही तेच, पुस्तक आधी. तिच्या बाबतीत तो क्रम हुकला, आता वाचून दाखवण्याशिवाय माझ्या हातात काही नाही. शनिवारी पुस्तक परत करायचं आहे, मुदत वाढवून घेते. तुम्ही रोज किती पानं वाचता?

दांडियाबाजारकर:
दहा-बारा. तो झोपला तरी प्रकरण पूर्ण करतो, नाहीतर सकाळी विचारतो पुढे काय झालं. आणि ताई, सुऱ्याचं बोलणं जरा आवाज बदलून वाचा.