अंगठा उठेना, येईना की लागेना?

निपाणी
आईनं उभा जन्म विड्या वळल्या. भिजवलेलं तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांत एक गिरकी, दोरा, की झाली विडी. परवा तिला रेशनला घेऊन गेले तर मशीन तिला ओळखेचना. दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा उठंना की वो." मागच्या रांगेतली बाई कन्नडमधून म्हणाली, "थंब बरवल्दु." आणि आई घरी येऊन सांगते, "माझा अंगठा लागला न्हाई." एक अंगठा आणि तीन क्रियापदं. यातलं बरोबर कुठलं?

वडगाव, बेळगाव
ताई, 'उठणे' जुनं आहे आणि कागदावरचं आहे. शिक्का उठतो, छाप उठते, पाठीवर वळ उठतात, अंगावर पित्त उठतं. दाबल्यावर किंवा आतून जे वर दिसायला लागतं, ते उठतं. शाईचा अंगठा कागदावर खरोखर उठायचा. मशीनच्या काचेवर काहीच उठत नाही. बोटावरच्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटून दोन होतात, ती ठिकाणं मशीन टिपतं आणि आधी साठवलेल्या ठिकाणांशी ताडून बघतं. तेव्हा नेमकं बोलायचं तर 'जुळत नाही' म्हणायला हवं. पण तसं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

चिकोडी
'बरवल्दु' म्हणजे 'यायला तयार नाही'. आपल्या 'येईना'त थोडा हट्ट असतो ना, तोच. गाडी सुरू होईना, पोरगं जेवेना, थंब येईना. चिकोडीत मराठी माणूसही 'थंब येईना' म्हणतो. ते कन्नडवरून आलं की आपलंच, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही भाषा एकाच रांगेत उभ्या असतात.
कन्नडमध्ये अंगठा म्हणजे 'हेब्बेट्टु', सरळ 'मोठं बोट'. आणि न शिकलेल्या माणसालाही हेब्बेट्टुच म्हणतात, आपल्या अंगठाछापसारखं.

खानापूर
एकलव्याला कुणी मध्ये आणू नका, आधीच सांगून ठेवतो.
अंगठाछाप ही शिवी झाली, पण सरकारदरबारी ठशाची सुरुवात अक्षरशत्रूंपासून झालेली नाही. 1858 मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराचा अख्खा पंजाच करारावर उठवून घेतला. का, तर पुढं त्यानं 'ही सही माझी नाहीच' म्हणून कानांवर हात ठेवू नयेत. म्हणजे प्रश्न लिहिता येतं का हा नव्हता, विश्वासाचा होता. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. आता रेशनच्या रांगेत पदवीधरही अंगठा टेकतो. मूळ हेतू तोच राहिला, शिवी मात्र मधल्या मध्ये गरिबाला चिकटली.
आणखी एक गंमत. 'डिजिटल'च्या पोटात लॅटिन 'डिजिटस' आहे, म्हणजे बोट. माणूस बोटांवर मोजायचा, म्हणून बोटाचा आकडा झाला. आपण त्याला 'अंकीय' म्हणतो. संस्कृतात 'अंक' म्हणजे खूण, आकडा आणि मांडीसुद्धा. तिकडं बोट, इकडं मांडी! मला 'अंकीय' कधी रुचला नाही. अंकलिपीतून थेट उचलल्यासारखा वाटतो. 'डिजिटल'च राहू द्या, त्यात निदान बोट तरी आहे.

अथणी
गुरुजी, आमच्या गावात अंगठा म्हटलं की आधी चपलेचा. पायाचा अंगठा ज्यात अडकतो तो पट्टा. 'अंगठा तुटला' म्हणत कुणी दारात आला तर आम्ही त्याच्या हाताकडं बघत नाही.

बेळगाव तालुका
मी लष्करातून निवृत्त. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो मशीनवर अंगठा ठेवून देता येतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही चालतो. आमच्यात विचारतात, "काय सुभेदार, हयात झालास का?" पूर्वी 'हयात असणे' होतं. 'हयात होणे' हे नवं क्रियापद आहे, नोंद करून ठेवा.
दुसरी तक्रार. नातवाच्या बारशाचं आमंत्रण मोबाईलवरून पाठवलं, तर भाच्यानं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. आमच्या पिढीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा! मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. बारशाला तो सगळ्यांच्या आधी हजर.

वडगाव, बेळगाव
काका, तुमचा भाचा निर्दोष आहे. पण 'ठेंगा' शब्द या नव्या अंगठ्याला अजून कुणी लावत नाही, हे खरं. चित्र एकच आणि अर्थ उलटा, म्हणून नावही वेगळं ठेवलंय. त्याला सगळे 'थंब'च म्हणतात. आमच्याकडं मागावर बसणाऱ्यांचेही ठसे येत नाहीत. सूत बोटं खातं.

निपाणी
सगळ्यांचं वाचलं. मला आईचंच क्रियापद पटतं. 'अंगठा लागला न्हाई' हे 'फोन लागेना'सारखं आहे. पलीकडं कुणीतरी आहे, आपण हाक मारतोय आणि तिथवर पोचत नाही. 'उठेना'त चूक अंगठ्याची, 'येईना'त हट्ट अंगठ्याचा. 'लागेना'त निदान अर्धा दोष पलीकडच्याला जातो.
पुढचं सांगायचं राहिलं. आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, तेव्हा अंगठाच पाहिजे असं काही नाही. त्या खेपेनंतर दुकानदारानं एकेक बोट टेकवून बघितलं. विडी वळताना आईची करंगळी बाजूलाच राहते, ती शाबूत निघाली. तांदूळ मिळाला. आता रांगेत आईचा नंबर आला की ती आधीच करंगळी वर करून उभी राहते. काल मागची शाळकरी पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली, "आज्जी, एकीला त्या बाजूला हाय."