मदत हवी आहे: पावसाळ्यात विमानाच्या पंखावरचा डोप (कापडावर द्यायचा वार्निशसारखा लेप) पांढरा पडतोय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. सुपर कॉरिडॉरच्या अलीकडे आमची छोटी शेड आहे. चार माणसं, एक कंप्रेसर आणि सध्या एक पुष्पक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एचएएल या सरकारी विमान कंपनीचं दोन सीटर, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, तिथले डिझायनर डॉ. वि. मा. घाटगे यांच्या काळातलं. 90 अश्वशक्तीचं इंजिन, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड. आमचं काही उडणार नाही, एका कॉलेजच्या आवारात उभं राहणार आहे. पण काका (आमचे मालक, हवाईदलातून निवृत्त) म्हणतात, काम उडणाऱ्या विमानासारखंच करायचं. त्यांच्याशी वाद कोण घालणार!

डावा पंख मे महिन्यात झाला. पॉलिएस्टर कापड चिकटवलं, इस्त्रीने ताणलं, रिबांना, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांना, टाके घातले. टाके घालणाऱ्या ताई आधी साड्यांना फॉल-पिको करायच्या. मेण लावलेला दोरा, फूटभर लांब सुई, एक जण वरून आणि एक जण खालून. त्यांची गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते, कबूल. मग आधी नायट्रेट डोप, कारण कापडाला पकड त्याचीच, आणि त्यावर ब्युटिरेट डोप. टिचकी मारली की पंख ढोलासारखा वाजतो.

उजवा पंख जुलैत हातात घेतला आणि घोटाळा झाला. ब्युटिरेटचा हात मारून चहा प्यायला गेलो, परत येऊन बघतो तर मधोमध पांढरी झाक, आरशावर वाफ धरावी तशी. नखाने खरवडलं तर भुकटी निघते. आर्द्रता 84 टक्के होती. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, एवढं कळतं. त्यात थिनरही बदललं होतं. दुकानदार म्हणाला, ‘सब एक ही है भैया’, आणि मी मूर्खासारखं घेतलं.

धाकट्याने हॅलोजन हीटर आणला. काकांनी तो एक शब्द न बोलता उचलून पार रस्त्यावर नेऊन ठेवला. बरोबरच आहे, डोपच्या वाफेत लाल झालेली तार म्हणजे शेडसकट स्वाहा.

तर विचारायचं असं, की रिटार्डर (थिनर हळू उडावं म्हणून मिसळतात ते) घालून वरून हलका फवारा मारला तर ही झाक विरघळून जाते का, की घासून मूळ थरापर्यंत जावं लागेल? घासताना टाक्यांवरच्या पट्ट्यांची भीती वाटते. रिटार्डर जास्त झालं तर डोप दिवसेंदिवस ओला राहतो असंही ऐकलंय. कुणी पावसात वापरलं असेल तर प्रमाण सांगा. आणि ठिणगीचा धोका न घेता शेड कोरडी ठेवायचा काही उपाय? काका म्हणतात दसऱ्यापर्यंत थांब. कॉलेजवाल्यांना विमान गणपतीच्या आधी हवंय.

फोटो उद्या टाकतो, आत्ता लाइट गेलीय.