मेन जेटच्या आधी ऑईल पंप बघा

कुणीतरी म्हटलंय की यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाईकला दोन नंबर मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) टाकला की पिकअप वाढतो. नाही पटलं. मेन जेटचं खरं काम साधारण पाऊण थ्रॉटलच्या पुढे. आमच्या साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा जाताना तेवढी मूठ कोण पिळतंय? तिथे पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा छोटा जेट) आणि नीडल (मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी सुई) यांचंच राज्य. मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, नीडल वर येते, पेट्रोल वाढतं. फुकटातलं काम.

राहून गेलेला मुद्दा ऑईल पंपाचा. या गाडीत टू-टी ऑईल (पेट्रोलसोबत जळणारं, इंजिनला वंगण देणारं तेल) पंपच सोडतो आणि त्याची केबल ॲक्सिलरेटरच्या केबललाच जोडलेली. पिकअपसाठी मोठा कार्बोरेटर बसवला की स्लाइडची (मूठ पिळल्यावर कार्बोरेटरमध्ये वर सरकणाऱ्या झडपेची) चाल बदलते, पंपाच्या पुलीवरची सेटिंगची खूण हलते, ऑईल कमी पडू शकतं. मित्राच्या गाडीचं इंजिन यवतेश्वर घाट चढताना असंच जाम झालं. पिस्टन काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मेकॅनिकने कार्ब झकास लावला होता (आवाज तर काय विचारता!), पण पंपाचं झाकण उघडलंच नव्हतं. त्याचे स्क्रू बहुतेकदा गंजून बसलेले असतात, म्हणून कुणी हात लावत नाही.